शिंपल्यांच्या सहा टोपल्या

"मॅडम, शिंपले मेले. साऱ्या सहा टोपल्या. लोकं म्हणून राह्यले, तुमच्या भावानं नदीत जहर टाकलं. त्याले गॅरेजमंदी कोंडलं हाय. लवकर या."

मोतीबाईनं एवढं बोलून फोन ठेवला. फरहानं प्रयोगशाळेतली मुलं तशीच सोडली आणि स्कूटी काढली. वणीपासून गाव चौदा किलोमीटर. कोळशाच्या ट्रकांमागून धूळ खात ती निघाली. तिला भीती वाटत होती, आणि ती स्वतःपासून लपवण्यात काही अर्थ नव्हता.

दोन हजार चार सालचा दसरा नुकताच उलटला होता. तीन-तीनदा फवारूनही कापसावरची अळी मरत नव्हती. माणसं एकमेकांवर उगाच खेकसत होती. अशा दिवसांत गावाला राग काढायला कुणीतरी लागतंच, आणि तिच्या भावाचं, वाहिदचं गॅरेज पुलाजवळ, गावाच्या टोकाला एकटं होतं.

टोपल्यांची कल्पना फरहाचीच. समुद्रकाठी खाडीचं पाणी घाण झालं की तिथे कालवं वाढवतात, आणि ती पाणी गाळून गाळून निवळवतात, हे ती वर्गात शिकवायची. आपल्याकडे खाडी कुठली? पण नदीतला शिंपला तेच काम करतो. दोन वर्षांपूर्वी तिनं गावात दोन बरण्या गढूळ पाण्यानं भरून ठेवल्या, एकीत शिंपला टाकला. संध्याकाळपर्यंत त्या बरणीतून पलीकडचा माणूस दिसायला लागला. मग वाहिदनं लोखंडी सांगाडे जोडून दिले, भोयांच्या मोतीबाईनं शिंपले गोळा केले आणि पुलापासून घाटापर्यंत सहा टोपल्या नदीत लटकल्या. ट्रक धुतलेलं, फवारणीचे पंप विसळलेलं पाणी त्यांतून पुढे जाऊ लागलं. घाटावर तळाचे दगड दिसायला लागले, मासळी परतली, बाया पुन्हा घागरी घेऊन यायला लागल्या.

फरहानं एक मात्र बजावलं होतं. टोपलीतला शिंपला खायचा नाही, सगळी घाण तो पोटात ठेवतो. आणि हे पाणी प्यायचं नाही, हेही. ते कुणी ऐकलं नव्हतं.

गॅरेजपुढे शंभरेक माणसं होती. दाराशी काठी आडवी धरून पोलीस जमादार रामसिंग राठोड एकटेच उभे होते.

"काय झालं, रामसिंगभाऊ?"

"काल सकाळी घाटावर मासे तरंगले. दुपारपर्यंत सात माणसं दवाखान्यात. मोतीबाईची सून इंदू त्यात हाय, अजून शुद्धीवर नाई." त्यांनी आवाज खाली आणला. "आज सकाळी वाहिदच्या हौदामागं औषधाचा रिकामा डबा सापडला, कागदावर दुसरा कागद चिकटवलेला. अन् पुलाच्या वरच्या अंगाले मासे जिवंत हायेत, पुलाजवळच्या पहिल्या टोपलीपासून शिंपले मेलेले. म्हणजे जहर अठूनच पडलं ना?"

"तुम्हाला तसं वाटतं?"

"मले वाटून काय होते? वणीहून गाडी मागवली, ती दुपारशिवाय येत नाई. मी एकटा हाव. गाडीच्या आधी दवाखान्यातून वाईट खबर आली, तर हे लोक मले जुमानणार नाईत."

खिडकीच्या गजांतून वाहिदचा चेहरा दिसला. ओठ फुटला होता. "आपा, मैंने कुछ नहीं किया," तो म्हणाला. फरहानं गजांतून त्याची बोटं धरली, सोडली आणि नदीत उतरली.

पहिल्या टोपलीतले शिंपले आ वासून पडले होते. तिनं एक उचलला. आतला गोळा आक्रसून बोटाच्या पेराएवढा झाला होता. नखानं ढकलताच तो शिंपेतून सुटून तिच्या तळहातावर आला. खाली सांडलेले गोळे गॅरेजचं कुत्रं चाटूनपुसून खात होतं आणि शेपूट हलवत होतं. दुसरी टोपली तशीच. तिसरी तशीच.

तिसरीच्या पुढे सदाशिवरावांचं शेत नदीला लागतं. तिथे त्यांची पंपाची खोली आणि जुनी विहीर. शेत ओलांडून ती चौथ्या टोपलीशी आली. इथले शिंपलेही उघडे, पण आतला गोळा फुगलेला, बुळबुळीत. चाकूनं खरवडला तेव्हा कुठे निघाला. दुर्गंधीनं तिला ओकारी आली. काठावर दोन कावळे मरून पडले होते.

मोतीबाई घाटाच्या पायरीवर बसली होती.

"मोतीबाई, टोपल्या तुम्ही पाहिल्या?"

"दुरून पाह्यल्या. सारे उघडे पडले होते. हात लावाचा धीर नाई झाला, मॅडम. तिकडं सून तशी पडली हाय."

"काल दुपारी नदीवर कोण होतं?"

"कोणीच नाई. सारं गाव दवाखान्यात होतं. नदीकडं पाहाचंही भेव वाटे."

सदाशिवराव पंपाच्या खोलीपाशी भेटले. गावातला जुना, वजनदार माणूस. कृषी केंद्र त्यांचं, गळ्यात माळ, घरात कांदालसूणही चालत नाही. त्यांची बायको वच्छलाबाई विहिरीच्या कठड्याशी बादली आणि दोर घेऊन बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी लोकांसाठी तीन हांडे चहा केला होता. पाणी घरच्या बोअरचं, पण आता तेही आटत आलं होतं.

"काका, गावाला पाणी तुमच्या या विहिरीतून देणार म्हणे?"

"हो. तहसीलातून तसा निरोप आला. पण मोटर जळली. आता ते बाराले डिझेल इंजिन आणून राह्यले." त्यांनी कपाळ पुसलं. "मी तर म्हटलं, हे पाणी जड हाय, पचत नाई. कोणी ऐकते काय?"

फरहाचं लक्ष तीन दगडांच्या चुलीकडे गेलं. राख ताजी होती. शेजारी पाणी तापवायचं मोठं घंगाळ उपडं घातलं होतं.

"हे कशाला?"

"सरकी शिजवली बैलांसाठी."

"कधी?"

"काल दुपारी."

"दवाखान्यात नव्हता तुम्ही?"

"गेलतो ना. मंग आलो. जनावरं उपाशी ठेवता येते काय?"

शेजारच्या गोठ्यात रिकामी दावण होती. शेणाचा वास नव्हता. वच्छलाबाईंनी चहाचा कप पुढे केला, तेव्हा फरहानं सहज विचारलं, "काकू, बैल चरायला गेलेत?"

"बैल पोळ्यानंतर इकले, बाई. आता ट्रॅक्टरच हाय."

"आणि दुकान बंद दिसलं?"

"माल परत केला. अळी मरत नाई म्हणून लोकं डबे आणून आपटत होते. बुधवारी यवतमाळहून तपासणीवाले येणार होते. त्यायच्या आधीच यायनं सारे डबे ट्रॅक्टरमंदी भरून अठी शेतात आणले. कंपनीची गाडी घेऊन गेली असन."

"तुम्ही गाडी पाहिली?"

"मी कायले पाहू?"

कप तसाच ठेवून फरहा कठड्यापाशी गेली. ती विहिरीत वाकली. पाणी काळं, शांत, तळ दिसत नव्हता. घड्याळात पावणेअकरा झाले होते. ती पळत गॅरेजला गेली. मागच्या हौदात वाहिदनं नव्या टोपल्यांसाठी शिंपले वाढवायला ठेवले होते. ते पाण्यात किंचित उघडून निवांत श्वास घेत होते. तिनं त्यातले दहा जाळीच्या पिशवीत घातले, काही हौदाच्या पाण्यासकट बादलीत घेतले आणि जमादारांना म्हणाली, "भाऊ, मला एक तास द्या. आणि बारा वाजता सगळ्यांना विहिरीवर आणा. वाहिद सोडून."

"त्याच्यापाशी कोण थांबन?"

"मोतीबाईच्या घरची माणसं."

जमादारांनी तिच्याकडे पाहिलं. ज्यांची सून मरणाच्या दारात होती, त्यांनाच राखणीला बसवायचं? पण घाटावरून मागोमाग आलेल्या मोतीबाईनं मान हलवली, आणि तिच्या दोन्ही दिरांनी दाराला पाठ लावून बसकण मारली.

दोराला बांधलेली पिशवी विहिरीत गेली. फरहा कठड्याला धरून उभी राहिली. सदाशिवराव दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "काय सोडलं बाई आत?" तिनं दोराची गाठ तपासली.

बाराला इंजिन आलं. त्याच्यामागे गाव आलं. कुणीतरी पाइप आत सोडायला निघालं, तेव्हा फरहा मधे उभी राहिली.

"पाच मिनिटं. मग मला ढकलून द्या हवं तर."

तिनं पहिल्या टोपलीतला शिंपला मोतीबाईच्या हातावर ठेवला. "तुमच्या घरी शिंपले कसे करता, मोतीबाई?"

"उकळत्या पाण्यात टाकतो. तोंड उघडलं की गर आपोआप सुटते. मंग मसाल्यात." बोलता बोलता मोतीबाईनं तो नखानं ढकलला. गोळा सुटून आला. ती थबकली. तिनं तो नाकाशी धरला. "हा तर शिजेल हाय."

गर्दी पुढे सरकली.

"आणि हा चौथ्या टोपलीतला."

"हा कच्चाच सडला. जहरानं मेला."

"ऐकलंत?" फरहा लोकांकडे वळली. "पहिल्या तीन टोपल्यांतले शिंपले विषानं मेले नाहीत. कुणीतरी ते उकळून मारले आणि पुन्हा लटकवले. त्यातला गर खाऊन कुत्रं नाचतंय, चौथ्या टोपलीजवळ कावळे मेलेत. विष पुलाजवळ पडलंच नाही. ते तिसऱ्या आणि चौथ्या टोपलीच्या मधे पडलं. मासा मेला की वाहून जातो, शिंपला जागचा हलत नाही. म्हणून कुणाला तरी हे शिंपले नकोसे झाले. खालच्या तीन टोपल्यांतलेच मेलेले दिसले असते, तर प्रत्येकानं या शेताकडे बोट दाखवलं असतं."

"माह्या शेताकडं?" सदाशिवराव म्हणाले.

"काल दुपारी गाव दवाखान्यात होतं, तेव्हा तुम्ही त्या चुलीवर घंगाळ ठेवलंत. सरकी म्हणालात. बैल नाहीत तुमच्याकडे, काका. आणि शिंपला तुमच्या घरात कधी शिजला नाही. मेला तो मेला, असं तुम्हाला वाटलं. जे खातात त्यांना शिजलेला आणि सडलेला हातात धरताच कळतो. मग एक डबा तुम्ही वाहिदच्या हौदामागे ठेवलात."

"कायले करीन मी हे?"

"जुनं, मुदत संपलेलं औषध नवा कागद चिकटवून विकलंत म्हणून. तपासणीवाले यायच्या आत तुम्ही डबे नदीत रिकामे करायला लागलात. माणसं पडायला लागली तसे घाबरलात. उरलेला माल नदीत टाकता येईना. मग तो कुठे गेला?"

तिनं दोर ओढला. पिशवी वर आली. दहाच्या दहा शिंपले करकचून मिटलेले होते. त्यातले दोन तिनं हौदातल्या पाण्याच्या बादलीत टाकले. तिथे आधीपासून असलेले शिंपले उघडे होते, हे दोन मिटलेलेच राहिले.

"पाणी वाईट असलं की ते तोंड उघडत नाहीत," ती म्हणाली. "या विहिरीत ते तासभर मिटून बसले."

"शिंपल्याच्या साक्षीवर माणसाले चोर ठरवता काय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. दोन-तीन माना हलल्या. इंजिनवाल्यानं पाइप पुन्हा उचलला. फरहाकडे आणखी पुरावा नव्हता.

तेवढ्यात वच्छलाबाई पुढे आल्या. रागानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तीस वर्सं संसार केला मी या माणसासंग," त्या म्हणाल्या. "मुंगी मारत नाई तो. जहर हाय म्हणता ना या विहिरीत? थांबा. मी पिऊन दाखवतो."

त्यांनी दोर बांधलेली बादली आत सोडली, वर ओढली, तांब्या बुडवला. कुणाला काही कळायच्या आत तो ओठांशी नेला.

"वच्छले, नको!"

सदाशिवरावांनी झडप घातली. तांब्या उडून दगडावर आपटला. पाणी त्यांच्या दोघांच्या पायांवर सांडलं. ते खाली बसले आणि धोतराच्या सोग्यानं बायकोचे पाय पुसायला लागले, घाईघाईनं, पुन्हा पुन्हा.

"बेचाळीस डबे हायेत," ते म्हणाले. "पोत्यात धोंडे घालून सोडले. गावाले पाजाचं नव्हतं मले. मोटरीची वायर मीच काढली."

इंजिनवाल्यानं पाइप खाली ठेवला आणि हात अंगाला पुसले. वच्छलाबाई मागे सरकल्या. आपले पाय त्यांनी सोडवून घेतले.

"माह्या तोंडचं पाणी हिसकलं तुमी," त्या अगदी हळू म्हणाल्या. "या साऱ्यायच्या तोंडचं कोण हिसकणार होतं?"

जमादारांनी सदाशिवरावांचा दंड धरून त्यांना उठवलं. मोतीबाईनं हौदात परत सोडायला बादलीतले शिंपले पदरात घेतले, आणि फरहा गॅरेजची कडी काढायला धावली.