हुकूम ऐकणारे

आज माझा सोमवार आहे. उपवासाच्या दिवशी मी खोटं बोलत नाही, म्हणून मुद्दाम आजच लिहायला बसले. कोणी विश्वास ठेवा, न ठेवा.

काव्या माझ्या बहिणीची मुलगी. सोलापुरात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, एनसीसीत. यंदाच्या फाल्गुनातली गोष्ट, होटगी रोडपलीकडच्या मैदानावरची. आणि रात्रीची नाही...

भर दुपारची.

दुसऱ्या दिवशी तिची 'सी' सर्टिफिकेटची परीक्षा होती. ते चांगल्या श्रेणीत मिळालं, की लेखी परीक्षा न देता थेट सैन्यातल्या अधिकारीपदाच्या मुलाखतीला जाता येतं. तिला तेच हवं होतं, लहानपणापासून. बाकी सगळं पक्कं होतं, अडत होतं ते आवाजापाशी. परेडला दिलेला तिचा हुकूम शेवटच्या रांगेपर्यंत पोचतच नसे.

"आवाज पेट से निकालो, बेटा," कवायत शिकवणारे उस्ताद रोज सांगायचे.

तिचे वडील महादेवप्पा म्हणायचे, "दुकानातून हाक मारली तर गिऱ्हाईक वळत न्हाय, फौज काय वळणार हाय?"

जेवणाच्या सुट्टीत मुली लिंबाखाली डबे उघडून बसल्या. काव्या एकटीच मैदानाच्या टोकाला गेली. रिकाम्या जमिनीकडे तोंड करून ताठ उभी राहिली.

"परेड... सावधान!"

समोर टाचा वाजल्या.

सगळ्यांच्या. एकदम.

समोर कोणी नव्हतं. ऊन होतं. थोडी धूळ उडाली आणि खाली बसली.

"घाबरली नाहीस?" मी तिला नंतर विचारलं.

म्हणाली, "नाही मावशी. काहीच वाटलं नाही. एवढंच वाटलं, की आपलं कोणीतरी ऐकलं."

"तेज चल!"

बूट चालू लागले...

"थम!"

थांबले. वळवलं तसे वळले. एक पाऊल चुकलं नाही.

लिंबाखाली परत येऊन तिने मैत्रिणीला, आयेशाला विचारलं, "ऐकलास का माझा आवाज?"

"कुठला आवाज? नुसती तोंड उघडत होतीस की गं! मला वाटलं, जांभया देतीस."

सगळ्या हसल्या. काव्याही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. समोर मुलींची तुकडी. बाजूला टेबलाशी परीक्षक साहेब.

"परेड... सावधान!"

मुली हलल्या नाहीत.

काव्याच्या पाठीमागे... टाचा वाजल्या.

"कॅडेट, शुरू करो," साहेब म्हणाले.

तिने पुन्हा हुकूम दिला. गळ्याच्या शिरा ताणून. पहिल्या रांगेतली आयेशा तिच्या ओठांकडे बघत होती. डोळ्यांत पाणी आणून पुटपुटत होती, "बोल की गं... बोल की!"

"तेज चल!"

तुकडी उभीच.

पाठीमागचे बूट निघाले. काव्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेले... मुलींच्या रांगांमधून... गेटकडे. मागच्या रांगेतल्या एकीने उगाचच खांदा चोळला.

"नेक्स्ट," साहेब म्हणाले.

झालं. मुलाखत गेली.

डॉक्टर म्हणाले, घशाला काही नाही. आणि खरंच नाही. घरात नीट बोलते, भाजीवाल्याशी घासाघीस करते. महादेवप्पा आता टोमणे मारत नाहीत. ती रडलीही नाही. युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून परत देऊन आली.

परवा माझ्याकडे जेवायला बसली होती. भाकरी मोडता मोडता सहज म्हणाली,

"मावशी, त्या दिवशी थम म्हणायचं राहून गेलं."

"मग आता म्हण की, बाळा."

"रोज म्हणते. पण लांब गेलेत. ऐकू जात नाही आता."

"कुठं गेलेत गं?"

"सरळ," ती म्हणाली. "वळा म्हटलंच नाही की मी."

आणि तिने आमटी वाढून घेतली.

त्या गेटातून सरळ गेलं की कोणाकोणाची घरं लागतात... पूजेला बसले तरी मी तेच आठवत राहते.