दिवंगतांच्या टेबलातला कोरा रकाना

वेबसाइट बनवणाऱ्या बाईला भुतांची भीती नसते, तिला ग्राहकच पुरतात. त्यामुळे पुढचं ऐकताना हसलात तरी चालेल.

अर्धापूरचे जिलानीचाचा, पेशानं टेलर, एका दुपारी माझ्या नांदेडच्या दुकानात आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दहावीच्या वर्गाचा मेळावा होता आणि सोमवारी त्यांची बायपास. वर्गात कोण कुठे बसायचं ते वेबपेजवर टेबल करून हवं होतं. एका बाकाची एक ओळ, ओळीत दोन रकाने. गेलेल्यांचं तसंच वेगळं टेबल खाली, 'दिवंगत' म्हणून. चाचांच्या बाकावरचा बजरंग मागच्या वर्षी गेला. त्याला मी खालच्या टेबलात टाकलं. त्याच्या शेजारचा रकाना कोरा राहिला.

सेव्ह केलं, तर चाचांचं नाव वरून गायब. ते खाली बजरंगच्या शेजारी, त्या कोऱ्या रकान्यात जाऊन बसलं होतं.

माझाच माऊस सरकला असेल म्हणून नाव वर आणलं. परत खाली. मग मी तो रकानाच काढून टाकला... तोही परत आला, चाचांच्या नावासकट. दुकानात ओल्या खडूचा वास यायला लागला. मी घाईनं स्क्रीन वळवली, पण चाचांनी पाहिलं होतं.

चाचांनी चष्मा पुसला. मग स्क्रीनकडे वाकून हळूच म्हणाले, "मला तिकडं कशाला नेऊन राहिला रे? नातीचा घागरा शिवायचा राहिलाय. तूच ये की इकडं."

आणि मला म्हणाले, "बेटा, त्याला वर घे."

घेतलं. सेव्ह केलं. दोन्ही नावं एका बाकावर मुकाट बसली. चाचा इतके हसले की मलाही आवरेना. आम्ही चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला मेळाव्याला ओढूनच नेलं. शाळेचे बाक हलके, एकट्यानं टोकाला बसलं की उलटायचेच. दोन पोक्त माणसं तशी आपटली, हॉलभर हशा झाला. चाचा मात्र अगदी कडेला, अर्धे बाहेर बसलेले, आणि बाक ढिम्म. आत सरका म्हटलं तर म्हणाले, "जागा कुठं हाय? लई जाडा झालाय त्यो."

जेवणाची हाक आली. चाचा उठले... आणि बाकाची त्यांच्याकडची बाजू सावकाश हवेत उचलली गेली. तशीच राहिली.

चाचा दोन पावलं जाऊन मागे वळले. "चल, जेवू. आन् सोमवारी दवाखान्यात ये, पण बाहेरच बस."

तेव्हा कुठे बाक खाली टेकला.