उंची उणे सहा

दर्शनाने परळच्या चाळीच्या गच्चीवर टाकीला पाठ टेकली आणि अँटेना पूर्वेकडे धरला. अँटेना कसला, पडद्याच्या दांड्यावर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या काड्या! पण वीस वर्षं बापलेकीने त्यावरच हौशी रेडिओचे उपग्रह ऐकले होते. अप्पा कागदावरून अंश वाचायचे, आधी दिशा, मग क्षितिजापासूनची उंची, आणि दर्शना अँटेना फिरवायची. फिरवणाऱ्याने प्रश्न विचारायचे नाहीत, हा अप्पांचा दंडक.

आज कागद तिच्याकडे होता आणि अप्पा समोरच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, नऊ दिवस बेशुद्ध. उपग्रहाचा आवाज ऐकून तरी ते परततील, ही तिची वेडी आशा. गळ्यातल्या रेडिओची खरखर ती फोनवरून ऐकवत होती. तिकडे धाकट्या पुष्करने फोन त्यांच्या कानाशी धरला होता.

सहा वाजून चार मिनिटांनी पुष्कर ओरडला, "ताई, अप्पा बोलतायत! आकडे बोलतायत!"

मागून क्षीण आवाज आला, "एकशे दहा. बावीस."

तिने कागद बघितला. तंतोतंत. तिला रडू फुटलं.

"एकशे तीस. नऊ."

कागदावर इथे उंची चाळीस होती. तरी सवयीने हात वळले.

"एकशे चाळीस. उणे सहा."

उणे म्हणजे क्षितिजाच्या खाली. तिथे उपग्रह नसतोच. अँटेनाचं टोक झुकलं आणि समोर इस्पितळात अप्पांच्या खिडकीवर थांबलं. खरखर बंद झाली.

"ताई, अप्पा गप्प झाले. मशीन वाजतंय... सिस्टर!"

"उणे दोन," अप्पा म्हणाले. फोनमधून नव्हे, रेडिओतून. "शून्य. पाच."

ती फिरवत राहिली. चाळीस. सत्तर.

"ताई, डोळे उघडले!" पुष्कर रडता रडता हसत होता. "बोल ना त्यांच्याशी."

"दर्शू," फोनमध्ये अप्पा म्हणाले, "अँटेना खाली ठेव आता."

"दर्शू," रेडिओत अप्पा म्हणाले, "सोडू नकोस."

अप्पांना घरी आणून तीन आठवडे झाले. दोन्ही वेळा चवीने जेवतात, रेडिओचं नाव काढत नाहीत. पुष्करचा जीव भांड्यात पडलाय. दर्शना रोज सहाला गच्चीवर जाते. रेडिओतून अंश येतात, ती फिरवते. पण उंची रोज उतरतेय. मंगळवारी अकरा होती, काल सात.

"तीन," आज रेडिओत अप्पा पुटपुटले. आवाज विरत चालला होता.

जिन्यात अप्पांच्या चपला वाजल्या. इतक्या दिवसांत प्रथमच, सावकाश, एकेक पायरी.

"दर्शू, दार लाव."

तिने अँटेना न सोडता पायाने गच्चीचं दार लोटलं.

कडी जिन्याच्या बाजूला होती.