नवसाचा कर्नल

"तपास आत्ताच सुरू," असं जाहीर करून अनुष्काने सोसायटीच्या भिंतीवरून पलीकडे उडी मारली. मागोमाग तिचा धाकटा भाऊ आर्यन उतरला, तोही नेहमीप्रमाणे गुडघा खरचटून घेऊनच.

भिंतीच्या अलीकडे नवीन पनवेलचे टॉवर आणि पलीकडे सुकापूर गाव. मध्ये जेमतेम वीतभर जाडीची भिंत, पण दोन्हीकडची माणसं वागत अशी, की मध्ये समुद्र असावा. टॉवरवाल्यांना गावातल्या सुकटीचा वास, हळदीचा डीजे आणि पहाटेची कोंबड्याची बांग सहन होत नसे. आमच्याच शेतांवर राहतात आणि आम्हालाच नाकं मुरडतात, असं गाववाले म्हणत. मुलांना मात्र सुट्टीत क्रिकेटला भिडू हवे होते, त्यामुळे त्यांचं छान जमलं होतं.

हौसाआजीच्या अंगणात तिचा नातू प्रितम पालथ्या टोपलीपाशी उकिडवा बसला होता. टोपली जागेवर होती, वर ठेवलेली वीटही होती. खालचा कोंबडा तेवढा गायब होता.

आणि तो साधासुधा कोंबडा नव्हता, नवसाचा होता! गेल्या पावसाळ्यात प्रितमची बहीण दिपिका डेंग्यूने पनवेलच्या हॉस्पिटलात पडली होती. डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा आजी गावदेवीला बोलली, पोर घरी आली तर जत्रेत कोंबडा देईन. दिपिका घरी आली. आजीने त्याच आठवड्यात एक पिल्लू वेगळं काढून देवीच्या नावाने वाढवलं. येत्या रविवारी जत्रा होती, आणि रविवारी त्याची मान कापली जाणार होती. अनुष्काला हे पक्कं माहीत होतं. तरी ती रोज त्याला तळहातावर दाणे चारायची. आर्यनने तर त्याला कर्नल हे नावही देऊन टाकलं होतं. त्याला नाव देऊ नका रे बाळांनो, असं आजी म्हणाली होती, पण ऐकतो कोण?

"दुसरा घ्या ना," आर्यन म्हणाला.

"येड्या, देवीला बोललेला त्योच हाय. दुसरा चालत नाय," प्रितम म्हणाला.

दिपिका ओट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. सकाळीच शेजारच्या काळूरामची बायको चार बायकांदेखत म्हणून गेली होती, की देवीने कोंबडा काही घेतला नाही, आता ती काय घेईल त्याचा विचार करा. एवढं बोलून तिने दिपिकाकडे बघितलं होतं. तेव्हापासून आजीने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

"अनू, मी मरंन का गं?" दिपिकाने हळूच विचारलं.

त्या बाईला गदागदा हलवावं, असा संताप अनुष्काला आला. पण त्याने कोंबडा मिळणार नव्हता. ती टोपलीभोवती रांगायला लागली, आणि मातीत तिला पांढुरके चपटे कण दिसले. प्रितमने एक तोंडात टाकला आणि लगेच थुंकला. कागद आहे म्हणाला.

"कागद नाही, ओट्स आहेत," अनुष्का म्हणाली. "तुमच्या गावात कोण खातं ओट्स?"

कोणीच नाही. चोर टॉवरमधला होता. पण तिथे तर घरोघर ओट्सचे डबे, आणि बांग बंद व्हावी असं प्रत्येकालाच वाटत होतं. यावर प्रितमने तोड काढली. कोंबडा दुसऱ्या कोंबड्याचं आव्हान ऐकून गप्प बसत नाही, आणि बांग देण्यात प्रितमचा हात धरणारा सुकापुरात कोणी नव्हता.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने प्रितम आणि दिपिकाला अडवलं. अभ्यासाला आलेत, अशी थाप अनुष्काने मारली. मग त्याने त्यांना कचऱ्याच्या लिफ्टने जायला सांगितलं, गाववाल्यांसाठी सोसायटीचा तसा नियमच होता. हे फाटक प्रितमच्या आजोबांच्या शेतात उभं होतं. प्रितमने प्रत्येक मजल्यावर उतरून अशी काही बांग ठोकली, की दारं उघडून माणसं शिव्या द्यायला लागली. सहाव्या मजल्यावर दमयंतीकाकूंच्या दाराआडून कर्नलने खणखणीत उत्तर दिलं.

दमयंतीकाकूंनी दार उघडलं आणि काहीही लपवलं नाही. उलट कोंबड्याचा जीव वाचवल्याचा त्यांना अभिमानच वाटत होता. दोन मांजरं होती म्हणून कोंबडा बाथरूममध्ये ठेवला होता. उद्या तो कर्नाळ्याजवळ त्यांच्या मैत्रिणीच्या फार्महाऊसवर जाणार होता, तिथे म्हातारा होईपर्यंत सुखाने जगणार होता.

अनुष्काला एकदम हलकं वाटलं. गुपचूप घरी जावं, काही बघितलंच नाही म्हणावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं.

"मंग माजं काय?" प्रितमच्या मागून दिपिकाने विचारलं.

"तुझं काय व्हायचंय?" काकू तिच्याकडे न बघताच म्हणाल्या. "अंधश्रद्धा सगळ्या. तुम्हा लोकांना कोणीतरी शहाणं करायलाच हवं."

आर्यन मांजरांच्या वाटीपाशी वाकला होता. "काकू, हे काय खातात?"

"उकडलेलं चिकन," काकू बोलून गेल्या.

"ह्या कोंबडीचं नाव काय होतं?"

काकूंचा चेहरा लालबुंद झाला. त्या तरातरा आत गेल्या, कर्नलला घेऊन आल्या आणि त्यांनी त्याला अनुष्काच्या हातात कोंबलं. "ने. तुझ्या हातांनी ने कापायला. बघू जमतं का."

कर्नल उबदार होता. त्याने सवयीने तिच्या तळहाताला चोच लावून दाणे शोधले. अनुष्काला रडू फुटलं, आणि रडत रडतच ती त्याला घेऊन गावात गेली.

रविवारी देवळासमोर आजीने कर्नलला कुंकू लावलं. शेवटपर्यंत बघायचं असं अनुष्काने ठरवलं होतं, पण सुरी वर गेली तेव्हा तिचे डोळे मिटले. आवाज मात्र ऐकू आला.

टॉवरच्या पोरांनी गावाची लाज राखली, असं गावचे म्हातारे महादेवबाबा सगळ्यांसमोर म्हणाले. सोसायटीच्या अध्यक्षांनीही अनुष्काची पाठ थोपटली, बांगेची कटकट कायमची मिटवलीस म्हणून! काळूरामच्या बायकोने दिपिकाची अलाबला घेतली, जणू त्या दिवशी ती काही बोललीच नव्हती. अनुष्काला तिघांचाही राग आला.

जेवताना आजीने मानाची तंगडी अनुष्काच्या ताटात वाढली. तिच्याने हात लावेना. शेजारी दिपिका तांदळाच्या भाकरीवर ताव मारत होती.

"नको असंल तं मला दे," ती कुजबुजली.

अनुष्काने दिली. दिपिकाने हाड चोखून साफ केलं, बोटं चाटली आणि उद्या बॅटिंग आधी माझी, असं बजावलं. अनुष्का हो म्हणाली. मग आजी बघत होती म्हणून तिने भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून तोंडात घातला. चव छान होती, आणि त्याचंच तिला सगळ्यात वाईट वाटलं.