बंद प्रेसच्या नोंदी

चौकशीवाले साहेब, तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंत.

ही घटना शंभर टक्के खरी आहे. बारक्या माझा मावसभाऊ. हे सगळं त्याच्यासमोर घडलं.

रविवारची भर दुपार. कारखाना बंद. सर्व्हरच्या खोलीत तिथले कॉम्प्युटर सांभाळणारा बारक्या आणि मॅनेजर, दोघंच.

महिन्यापूर्वी बारक्याचे दाजी पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली चिरडले गेले होते. छातीच्या वर काही उरलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत, चूक त्यांचीच.

पण प्रेसचा प्रत्येक ठोका कॉम्प्युटरच्या डेटाबेसमध्ये नोंदला जातो. रोजचा एक इंडेक्स. त्या दिवसाचं कपाटच म्हणा ना.

"जुने इंडेक्स आपोआप उडतील अशी सेटिंग लाव," मॅनेजर म्हणाला. "मुदत आठवडाभर."

"साहेब, त्यात दाजींचा दिवस आहे."

"मग? दाजी त्यात राहायला आहेत का?"

"ताई रोज विचारते, चूक कुणाची. तिला काय सांगू?"

"सांग, तुझी नोकरी टिकली."

बारक्याने दात-ओठ खात सेटिंग सेव्ह केली. इंडेक्स उडाला.

आणि...

परत आला.

बारक्या स्क्रीनवर वाकला. उडालेला इंडेक्स परत कधी बनतो? त्या दिवसाची नवी नोंद आली, तरच.

नोंद पाठवणार कोण? प्रेसची तर वायरच कापून टाकली होती.

त्याने नोंद उघडली. "प्रेसच्या जाळीचं दार उघडं. सेन्सर बंद केला. लॉगिन..."

मॅनेजरचं होतं. दार उघडं असलं की प्रेस थांबवणारा सेन्सर त्यानेच बंद केला होता.

खालून, प्रेसकडून आवाज आला... धप्प!

"कोण मस्ती करतंय रे?" मॅनेजरने त्याला ढकललं. नवे इंडेक्स बनणंच बंद केलं. तो इंडेक्स पुन्हा उडवला.

तो पुन्हा आला.

धप्प!

"थांब, त्या डबड्याचा चुराच करतो!" घण उचलून मॅनेजर खाली धावला.

बारक्या स्क्रीनकडे बघत राहिला.

"दार उघडं."

मग काहीच नाही. पंख्याचीसुद्धा घरघर थांबली...

"ठोका."

किंकाळी अशी, की बारक्याने कान दाबून धरले.

मॅनेजर जगला. दोन्ही हात कोपरापर्यंत पत्र्यासारखे सपाट. बोटं कुठली, हाड कुठलं, कळेना. रक्त छतापर्यंत उडालेलं. कापलेली वायर तशीच तुटलेली.

तो आता बोलत नाही. दार वाजलं की ओरडतो.

तो इंडेक्स आजही तिथे आहे. उडवायची कुणाची छाती नाही. ताईला रडताना बघून बारक्याने तुम्हाला तीनदा बोलावलं. तुम्ही फिरकला नाहीत.

रोज त्यात एक ओळ वाढते. "दार उघडं."

ठोका अजून पडलेला नाही.

सेन्सर कुणी बंद केला, ते येऊन वाचणार, की नाही? ताई कारखान्याच्या दारात उभी आहे, साहेब. उत्तर द्या.