मागची डावी बाजू

उस्मानाबादहून बेंबळीच्या रस्त्याला लागलं की गाव संपता संपता हनीफ मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. हाताला गुण असलेला माणूस, पण डोकं तापट. बोल्ट निघाला नाही तर बोल्टाला शिव्या, निघाला तर तो आवळणाऱ्याला. मराठवाडा नुकता महाराष्ट्रात आला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट.

उन्हाळा सरत आला असताना बेंबळीचे शांतलिंगअप्पा आपली जीप बैलांनी ओढत घेऊन आले. लष्कराच्या लिलावातली गाडी. मागच्या आसातले दाते पार झिजलेले, चाकांवरचे कमानीसारखे पाटे पिचलेले.

"मिस्त्री, नागम्मा बाळंतपणाला आलीय," अप्पा म्हणाले. "मागल्या खेपेला वाटेतच मूल गेलं पोरीचं. औंदा कळा सुरू झाल्या की लगेच सोलापूर गाठायचं. पाऊस पडला की आमच्या काळ्या रानात हिच्याबिगर काय बी चालत न्हाय."

"ते खरं अप्पा, पण सामान कुठून आणू? आभाळातून?"

सामान सास्तूरजवळच्या एका ओढ्यात मिळालं. तिथं धोंडीबा नावाच्या म्हाताऱ्याच्या बांधाला, बाभळीच्या जाळीत, तशीच एक जीप वर्षानुवर्षं गंजत पडली होती. पुढचा भाग चेपलेला, मागचा मात्र धडधाकट. म्हाताऱ्यानं हरकत घेतली नाही. आस आणि पाटे बैलगाडीत चढवताना बघत तो एवढंच म्हणाला, "मागलंच नेताय व्हय?" आणि पुढं काही न बोलता वाटेला लागला.

हनीफनं आस बसवला, पाटे चढवले, यू-बोल्ट आवळले, शाफ्ट जोडला. जॅक काढला आणि गाडी मागून डावीकडं कलली. इतकी, की चाक पत्र्याला घासू लागलं.

"पाटा मेलाय," तो म्हणाला आणि पुन्हा जॅक लावला.

त्यानं डावा पाटा उजवीकडं टाकला, उजवा डावीकडं. खरं तर आता गाडीनं उजवीकडं कलायला हवं होतं. ती डावीकडंच कलली. डाव्या पाट्यात लोखंडाचं एक पान वाढवलं, तरी डावीकडंच. चौकटीला दोरी लावून पाहिली, तर चौकट सुतासारखी सरळ. शेवटी वैतागून ओढ्यातले दोन्ही पाटे फेकले आणि लोहाराकडून नवे घडवून घेऊन घातले. जॅक खाली घेतला. पाटा कुरकुरला... आणि एखादा जाड माणूस बाकावर टेकावा तशी गाडी सावकाश खाली बसली.

हनीफनं पाना जमिनीवर आपटला.

त्या दिवसापासून गॅरेजात ओल्या गाळाचा वास यायला लागला. बाहेर भुईला भेगा पडलेल्या, रांजणातलं पाणीसुद्धा आटत चाललेलं, आणि मागच्या बाकाजवळ गेलं की शेवाळाचा, कुजल्या पाल्याचा वास. हनीफनं बाक रॉकेलनं पुसला. वास जाईना. हातातलं काम ठेवून बिडी ओढायला तो बाहेर बसला की आतून पाट्याची कुरकुर ऐकू यायची. बसून बसून अवघडलेला माणूस कूस बदलतो ना, तशी.

"घरात सुदीक गाडीलाच शिव्या देताय," त्याची बायको ताहेराबी म्हणाली. "देऊन टाका की परत."

"तशीच देऊ? वाटेत टायर फुटला तर त्या पोरीचं काय?"

आणि एके दिवशी भर दुपारी अप्पांचा ड्रायव्हर बब्रुवान सायकल हाणत आला. अंगाला घामाच्या धारा.

"मिस्त्री, नागम्माताईला कळा सुरू झाल्यात. गाडी द्या."

"गाडी तयार न्हाय."

"असंल तशी द्या!"

हनीफनं जीपकडं पाहिलं. डावं चाक पत्र्यात रुतलेलं. अशी गाडी निम्म्या वाटेतसुद्धा टिकली नसती. इतक्या दिवसांचा संताप त्याच्या मस्तकात चढला. त्यानं मागच्या पत्र्यावर मूठ हाणली आणि रिकाम्या बाकाकडं बघत ओरडला, "कोण बसलंय रे तिथं? बाळंतिणीची गाडी हाय ही! उतर! उतर म्हणतो ना खाली!"

क्षणभर काहीच झालं नाही. बाहेर एक होला घुमत होता, तोही गप्प झाला.

मग पाटा कुरकुरला. गाडीची डावी बाजू हळूहळू वर आली आणि उजवीच्या बरोबरीनं थांबली.

हनीफची मूठ तशीच हवेत राहिली. त्याच्या अंगाला घासून काहीतरी गार गेलं, ओल्या धोतरासारखं.

"मिस्त्री..." बब्रुवान दोन पावलं मागं सरकला. "तुमी... कुणाला बोलला?"

"कुणाला न्हाय. पळव गाडी. मागं बघू नको."

जीप धूळ उडवत गेली, सरळ गेली. दुसऱ्या दिवशी अप्पांचा सांगावा आला: नागम्मा सुटली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. गाडी लोण्यासारखी चालली.

हनीफनं घरी सगळं सांगितलं. ताहेराबीनं थापत आणलेली भाकरी तशीच परातीत ठेवली.

"उतर म्हणालात," ती हळूच म्हणाली. "जा म्हणालात का?"

हनीफ तिच्यावर खेकसला. पण झोप काही लागेना. शेवटी एस.टी.नं तो सास्तूरला गेला. धोंडीबा बांधावर बसला होता.

"मामा, त्या जीपमधी कोण होतं?"

"मोजणीवाले साहेब व्हते. निजामाच्या राज्यातली गोष्ट. ओढ्याला पूर आल्ता, तरी घातली गाडी. साहेब निघालं, डायवर निघाला." म्हाताऱ्यानं ओढ्याकडं पाहिलं. "मागं डाव्या अंगाला एक वाटसरू बसवून घेतलं व्हतं. त्याचं ना नाव कुणाला ठावं, ना गाव. डायवर सांगत व्हता, बिचारं सारखं म्हणायचं, मला उतरवा... मला हितंच उतरवा. ते काय घावलं न्हाय."

"हे आधी का न्हाय सांगितलं?"

"तुमी इचारलं न्हाय."

हनीफला चीडही आली आणि बरंही वाटलं. एवढंच ना? उतरायचं होतं बिचाऱ्याला. उतरलं. झालं.

परतीच्या एस.टी.त माणसं थोडीच होती. बेंबळीला तीही उतरली. हनीफ पुढं, डाव्या बाजूच्या बाकावर होता. खिडकीतून गरम वारा येत होता. उस्मानाबाद जवळ आलं तसा कंडक्टर त्याच्यापाशी येऊन दांडी धरून उभा राहिला.

"मिस्त्री, ते मागं बसलेत ते तुमच्याबरोबरच ना?"

"कोण?"

"शेवटच्या बाकावर. सास्तूरला तुमच्या मागनंच चढले. कुठं उतरणार इचारलं तर म्हणाले..." कंडक्टर हसला. "म्हणाले, मिस्त्री सांगतील तिथं."

ज्या माणसाची जीभ कधी कुणाला आवरली नव्हती, त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. मागं पाहिलं नाही. मान हलवली नाही. मनातल्या मनातही त्यानं जागेचं नाव घेतलं नाही. गाव आलं, त्याचं गॅरेज मागं गेलं, रस्ता ताहेराबीच्या दारावरून जाणाऱ्या बोळाकडं वळला.

कंडक्टरचा एक हात दांडीवर होता, दुसरा खांद्याच्या पिशवीवर.

तरी छताची दोरी ताणली गेली, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी वाजली. गाडी बोळाच्या तोंडाशी थांबली. तिथं थांबा नव्हता.

कंडक्टरनं चमकून मागं पाहिलं: शेवटचा बाक रिकामा होता, आणि तिथून दारापर्यंत ओल्या गाळाची पावलं उमटली होती.