मास्तरांची शेवटची भट्टी

भुतं फक्त रात्रीच येतात असं वाटत असेल, तर तुम्ही सुखी आहात. मलाही तसंच वाटायचं.

हे घडलं शनिवारी दुपारी चार वाजता. कलाकेंद्राच्या मोठ्या हॉलमध्ये, सगळे दिवे चालू असताना. तिथे मी होतो आणि माझी ताई होती. विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. फक्त "छान रचलंय" अशी कमेंट करू नका. ताईचा हात पाहिलात तर तुम्हाला ते म्हणवणार नाही.

माझं फ्रेमचं दुकान आहे. केंद्रात प्रदर्शन असलं की चित्रं टांगायला मीच जातो. ताई तिथेच चिनीमातीची भांडी करायला शिकली. मास्तरांच्या हाताखाली पंधरा वर्षं राबली.

मास्तर म्हणजे तिथले भांडी शिकवणारे शिक्षक. माणूस लोण्यासारखा, पण भट्टी उघडली की सख्ख्या भावाचाही नाही.

त्यांची एक पद्धत होती. भट्टीतून निघालेलं प्रत्येक भांडं ते बोट वाकवून, पेरानं एकदाच वाजवायचे.

टक... टण्ण.

आवाज खणखणीत आला की भांडं फळीवर. बद्द आला की आत कुठेतरी तडा आहे. मग ज्यानं ते घडवलं त्याच्यादेखत, तिथल्या तिथे, हातोडी.

"तडकलेलं भांडं खोटारडं," असं ते म्हणायचे. "खोटारड्याला फळीवर जागा नाही."

स्वतःच्या भांड्यांनाही त्यांनी कधी सोडलं नाही.

शेवटची भट्टी लावली आणि ती थंड व्हायच्या आत मास्तर गेले. झोपेतच. भट्टी ताईनं उघडली. आत मास्तरांचीच नऊ भांडी होती.

पाच बद्द निघाली.

दुसऱ्या दिवशी ताई ती पाच भांडी जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या दुकानात आली.

"मास्तरांच्या आठवणीत प्रदर्शन ठरलंय," ती म्हणाली. "भिंतींवर चित्रं, मध्ये त्यांची भांडी. रविवारी समिती बघायला येणार. नीट झालं तर मास्तरांची जागा मला. नाहीतर बाहेरचा कोणीतरी आणून बसवतील. चार भांड्यांत मी काय मांडू रे?"

"मग ही कशाला आणलीस? ही फोडायची ना?"

"तुला खाचा बुजवता येतात ना?"

येतात. फ्रेमवाल्याचं अर्धं आयुष्य कोपऱ्यातल्या खाचा बुजवण्यात जातं. मी तड्यांत लांबीचा लगदा भरला, पॉलिशपेपर मारला, रंग जुळवला. काम इतकं बेमालूम झालं की मी स्वतःच स्वतःची पाठ थोपटली.

"मास्तर बघत असतील हं वरून," मी चिडवलं.

ताई हसली नाही.

शनिवारी मी शिडीवर होतो. भिंतीकडे तोंड, हॉलकडे पाठ. शेवटची दोन चित्रं टांगायची राहिली होती. माझ्या पाठीमागच्या भिंतीला लागून फळीवर आठ भांडी, आणि हॉलच्या मधोमध स्टुलावर नववा, मोठा रांजण. दाराजवळ काचेच्या पेटीत मास्तरांची अवजारं. माती कापायची तार, लाकडी पट्ट्या, हातोडी. पेटी मीच केली होती, चारही बाजूंनी स्क्रू मारून.

मागून आवाज आला.

टक... टण्ण.

"ताई, आता कशाला वाजवतेस?" मी न वळता म्हणालो.



टक... टण्ण.

टक... टण्ण.

"मी नाही रे वाजवत," ताई म्हणाली.

तिचा आवाज दारापासून आला होता. ती तिथे टेबलावर नावाच्या चिठ्ठ्या लिहीत बसली होती.

मी वळलो. फळीजवळ कोणी नव्हतं.

टक...

बद्द.

मग सगळं शांत झालं. पंख्याचा आवाजही ऐकू येईना, पण पंखा फिरत होता.

माझी नजर काचेच्या पेटीकडे गेली. काच शाबूत. स्क्रू जागच्या जागी. तार होती, पट्ट्या होत्या...

हातोडी नव्हती.

चौथ्या भांड्याचा एकदम चुरा झाला. कपची उडून माझ्या गालात घुसली. मी शिडीवरून खाली पडलो.

टक. बद्द. धाड!

टक. बद्द. धाड!

टक... टण्ण. त्या भांड्याला काही झालं नाही. ते नुसतं फळीवर सरळ केलं गेलं. पोराची टोपी नीट करतात तसं.

शेवटचं भांडं. बद्द. धाड! तुकडे चित्रांवर आदळत होते. मी बसवलेल्या काचा एकामागून एक फुटत होत्या. आणि नाकात ओल्या मातीचा वास.

आता फक्त रांजण उरला होता.

शहाणं माणूस दाराकडे पळालं असतं. ताई रांजणाकडे पळाली.

"मास्तर, नको!" तिनं दोन्ही हातांनी रांजण कवटाळला. "एवढा एकच राहू द्या! पंधरा वर्षं तुमची माती मळली मी! उद्याचा दिवस जाऊ द्या, मग मी स्वतः फोडते!"

टक.

आवाज रांजणाचा नव्हता. ताईच्या उजव्या हाताचा होता. तिनं चटका बसल्यासारखं बोटांकडे पाहिलं.

बद्द.

"ताई, हात काढ!" मी ओरडलो.

तिला हात हलवता येईना. कोणीतरी मनगट धरून ठेवल्यासारखा तो रांजणावर दाबला गेला होता. पहिला घाव बोटांवर बसला. दुसराही तिथेच. हाडं मोडताना मी ऐकली. तिसऱ्या घावाला रांजण फुटला आणि ताई तुकड्यांवर कोसळली, रक्तानं कोपरापर्यंत भिजलेली.

मी रांगत तिच्यापर्यंत पोहोचलो आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती गुरासारखी ओरडत होती.

आणि तेवढ्यात माझ्या कपाळावर...

गार, ओलं, वाकवलेलं एक बोट.

टक.

एकदाच.

केंद्राचे वॉचमनकाका धावत आले. दारात थबकून म्हणाले, "भट्टी उघडली का? मघाशी भांडी वाजवल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, मास्तरांसारखं ताई पण..." मग त्यांना जमीन दिसली.

ताईची चार बोटं गेली. "हातोडीनं ठेचलंय हे. कोणी मारलं?" डॉक्टरांनी विचारलं. फळी पडली, असं आम्ही दोघांनी सांगितलं. ती चाकावर पुन्हा कधीच बसणार नाही. केंद्रानं बाहेरचा माणूस आणला. प्रदर्शन पुढच्या महिन्यात झालं, चार भांड्यांचं. लोकांना फार आवडलं म्हणे.

ताईनं फक्त विचारलं होतं. तडे बुजवले मी. माझ्या या हातांनी.

हातोडी अजून सापडलेली नाही.

आणि माझ्या कपाळाचा आवाज कसा आला, ते मला माहीत नाही. ताईच्या ओरडण्यात मला काहीच ऐकू आलं नाही. पण तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिनं ऐकलंच असणार. मी तिला रोज विचारतो.

ती विषय बदलते.

पण हॉस्पिटलमधून आल्यापासून ती रोज सकाळी माझ्या दुकानात येते. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसते, बँडेजचा हात मांडीवर घेऊन. संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत उठत नाही.

एक मिनिटही मला एकटं सोडत नाही.